पवनाशनाचा उपवास

अमरकोशात सापाची जी अनेक नावे दिली आहेत, त्यांत ‘पवनाशन’ हे एक आहे. पवन म्हणजे वारा आणि अशन म्हणजे अन्न. वाऱ्यावर जगतो तो पवनाशन. साप महिनोन् महिने काही खाताना दिसत नाही आणि तरीही धडधाकट असतो, हे पाहून कुणा प्राचीन निरीक्षकाने हा तर्क केला असावा. तर्क चुकला, पण निरीक्षण अचूक होते. तेच निरीक्षण आज लंडन, हॅम्बुर्ग किंवा टेक्सासमधल्या घरांत काचेच्या पेटीसमोर बसून केले जाते. ते करणाऱ्याच्या मनात मात्र कुतूहलापेक्षा धास्ती अधिक असते. आठवड्याला एक उंदीर नेमाने गिळणारा आपला पाळीव अजगर गेला दीड महिना भक्ष्याकडे ढुंकूनही पाहत नाही, हे त्याला कुणाला तरी सांगायचे असते आणि त्यावर तातडीने काहीतरी करायचे असते.

या ‘तातडीने काहीतरी करण्या’तूनच बहुतेक वेळा पुढचा घोटाळा सुरू होतो. साप अन्न का नाकारतो याची कारणे त्याच्या तोंडात वा पोटात क्वचितच सापडतात. ती सापडतात पेटीच्या तापमानात, ऋतुमानात आणि मालकाच्या उत्साहात.

ही तक्रार ज्याच्याबाबत सर्रास ऐकू येते, तो ‘बॉल पायथन’ हा आफ्रिकेतला लहानखुरा अजगर आहे. त्याचे शास्त्रीय नाव पायथन रेगियस. ब्रिटनमध्ये त्याला ‘रॉयल पायथन’ म्हणतात. घाबरला की डोके मधोमध दडवून तो अंगाचा घट्ट चेंडू करतो, म्हणून ‘बॉल’. सेनेगलपासून युगांडापर्यंत पसरलेला गवताळ माळ आणि शेतशिवार हे त्याचे मूळ घर. लांबी मीटर-दीड मीटर, स्वभाव शांत, चावण्याची खोड जवळजवळ नाही आणि आयुष्य चांगले दीर्घ. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका मादीने २०२० साली, वयाची साठी ओलांडल्यावर, सात अंडी घातली होती! या गुणांमुळे तो पाश्चात्त्य देशांत घरोघरी पोहोचला. टोगो, बेनिन आणि घाना या देशांतून त्याची निर्यात झाली. रानातून पकडून, पोत्यात घालून, विमानाने पाठवलेले हे साप नव्या घरी पोहोचल्यावर अन्नाला तोंडच लावत नसत आणि ‘न जेवणारा साप’ अशी या जातीची ख्याती झाली. पुढे त्याची बंदिवासात पैदास होऊ लागली. १९९२ साली पहिली पांढरी-पिवळी पिल्ले जन्मल्यावर तर रंगीबेरंगी वाणांचा मोठा बाजारच उभा राहिला. बंदिवासात जन्मलेली पिल्ले तुलनेने बरी जेवतात. पण अंगातला मूळ संकोच सुटलेला नाही.

सापाचे उपाशी राहणे आणि माणसाचे उपाशी राहणे या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे आधी समजून घ्यावे लागते. माणूस, मांजर किंवा चिमणी यांच्या अन्नाचा मोठा वाटा केवळ शरीर उबदार ठेवण्यात खर्च होतो. सापाला ही ऊब उन्हाकडून आणि तापलेल्या जमिनीकडून फुकट मिळते. शिवाय त्याचे शरीर रिकाम्या पोटी अक्षरशः दुकान आवरून घेते. १९९०च्या दशकात स्टीफन सेकॉर आणि जॅरेड डायमंड (हेच डायमंड पुढे ‘गन्स, जर्म्स अँड स्टील’ या ग्रंथामुळे जगभर गाजले) यांनी बर्मी अजगरावर केलेल्या संशोधनात असे दिसले, की उपासाच्या काळात त्याचे आतडे आक्रसते आणि पचनाची यंत्रणा जवळपास थंडावते. मोठे भक्ष्य पोटात जाताच सारे चित्र पालटते. आतड्याचे वजन एक-दोन दिवसांत दुपटीच्या घरात जाते आणि शरीराचा ऊर्जाव्यय चाळीसपटींपर्यंत चढतो. हृदयही यातून सुटत नाही. ४८ तासांत त्याच्या स्नायूंचे वस्तुमान ४० टक्क्यांनी वाढल्याचे निष्कर्ष २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जेवण हा अजगराच्या दृष्टीने असा खर्चिक सोहळा आहे. परिस्थिती अनुकूल नसेल, तर तो लांबणीवर टाकणे त्याला परवडते.

किती परवडते? अमेरिकेतील अर्कान्सा विद्यापीठातील मार्शल मॅक्यू यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉल पायथन, रॅट स्नेक आणि रॅटलस्नेक या तीन प्रकारच्या ६२ सापांना सुमारे सहा महिने उपाशी ठेवले होते. काही सापांनी आपला विश्रांतीतला ऊर्जाव्यय ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणला. वजन अर्थातच घटले. पण चकित करणारी गोष्ट अशी, की त्या काळातही सापांची लांबी वाढतच राहिली. प्रौढ आणि सुदृढ बॉल पायथनने दोन-तीन महिने अन्न नाकारले, तर या पार्श्वभूमीवर त्यात आभाळ कोसळण्यासारखे काही नाही. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाची गोष्ट निराळी. त्याच्या अंगात साठा कमी असतो, त्यामुळे तेथे आठवडे मोजावे लागतात. आणि पाण्याला तर कोणताच साप अपवाद नाही. अन्न नाकारणाऱ्या सापापुढे स्वच्छ पाण्याचे, तो अंग बुडवू शकेल एवढे भांडे सतत असावे लागते.

अमरकोशातच सापाचे आणखी एक नाव आहे, ‘बिलेशय’, म्हणजे बिळात निजणारा. न जेवणाऱ्या सापाचे कोडे उलगडण्याच्या कामी पवनाशनापेक्षा हे नाव कितीतरी अधिक उपयोगी पडते.

आफ्रिकेतल्या माळावर बॉल पायथन दिवसाचा बहुतेक वेळ उंदीर-घुशींच्या बिळांत किंवा सोडून दिलेल्या वारुळांत घालवतो. ती जागा अंधारी, दमट आणि इतकी अरुंद असते, की अंगाला चहूबाजूंनी माती टेकते. हा टेकलेला स्पर्श म्हणजेच त्याची सुरक्षितता. आता हाच प्राणी दिवाणखान्यातल्या चार फुटी काचेच्या पेटीत येतो. चारी बाजूंनी माणसे ये-जा करतात, शेजारी दूरचित्रवाणी संच गडगडत असतो, वर दिवा आणि लपायला शोभेची एक वाकडी फांदी! माणसाच्या लेखी ही प्रशस्त सदनिका झाली. सापाच्या लेखी हे भर चौकात उघड्यावर बसणे आहे. अशा ठिकाणी भक्ष्याला विळखा घालून, जबडा ताणून, दहा-पंधरा मिनिटे पूर्णपणे असहाय होण्याचा धोका तो पत्करत नाही. उपाय अगदी साधा असतो. पेटीत दोन दडणी ठेवायची, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. दोन्ही एवढ्या लहान, की वेटोळे घातल्यावर सापाचे अंग भिंतींना टेकावे. पेटीच्या तीन बाजू बाहेरून कागदाने झाकायच्या. एवढ्यावरच अनेक साप पुढच्या आठवड्यात जेवतात.

सापाला अंधारी, आवळ जागा देण्याचे हे तत्त्व भारताला नवे नाही. चेन्नईजवळ १९७८ साली स्थापन झालेल्या इरुळा सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेत विष काढण्यासाठी आणलेले नाग आणि घोणस मातीच्या मडक्यांत ठेवतात, तोंडावर फडके बांधतात आणि काही आठवड्यांनी त्यांना पुन्हा रानात सोडून देतात. मडके हे सापासाठी काचेच्या पेटीपेक्षा केव्हाही बरे बीळ आहे.

दुसरा मुद्दा तापमानाचा, आणि इथेच घोडे पेंड खाते. बॉल पायथनच्या पेटीचे एक टोक ३१ ते ३३ अंश सेल्सियस आणि दुसरे २५ ते २७ अंश असावे लागते. हवेतील आर्द्रता साधारण ५५ ते ६५ टक्के. या दोन टोकांच्या मधली जागा निवडून साप आपले शरीर हवे तसे तापवतो वा निववतो. पाळणाऱ्यांपैकी पुष्कळजण पेटीत हात घालून ‘उबदार आहे’ असा निर्वाळा देतात किंवा काचेला वर चिकटवलेल्या तबकडीवरचा आकडा वाचतात. साप मात्र जमिनीवर राहतो. काचेवर वर ३१ अंश दिसत असताना खाली तळाशी २४ अंश असू शकतात, आणि युरोपातल्या हिवाळी रात्री घराची उष्णता कमी केल्यावर त्याहूनही कमी. अशा थंडीत सापाचे पाचक रस मंदावतात. त्या अवस्थेत उंदीर गिळला, तर तो पचण्याआधी पोटातच कुजतो आणि साप तो ओकून टाकतो. तेव्हा थंड पेटीतल्या सापाने भक्ष्य नाकारणे हे त्याच्या शरीराचे शहाणपण ठरते. तळाशी टेकवलेला तापमापक आणि उष्णता नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट या दोन वस्तूंचा खर्च पशुवैद्याच्या एका भेटीपेक्षा कमी असतो. उलट टोकाची चूकही होते. काहीजण थर्मोस्टॅटविना तापणारे विजेचे दगड पेटीत ठेवतात. साप त्यावरून हलत नाही आणि पोट भाजून घेतो. भाजलेला साप जेवेल अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

या दोन गोष्टी ठीक असूनही साप जेवत नसेल, तर बारीक नजर मालकाच्या वागण्याकडे वळवावी लागते. नवा साप घरी आला, की तो मित्रांना दाखवला जातो, गळ्यात घालून छायाचित्रे निघतात, मुले त्याला आळीपाळीने हातात घेतात. वास्तविक नव्या जागी आणल्यावर निदान आठवडाभर त्याला हातही लावू नये, पहिले भक्ष्य त्यानंतर द्यावे. ते नाकारले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा देऊ नये. सात ते दहा दिवस मध्ये जाऊ द्यावेत. नाकापुढे उंदीर नाचवत ठेवल्याने सापाची भूक चाळवत नाही, त्याला ते संकट वाटते. पंगतीत ‘आणखी एक जिलेबी’ म्हणून आग्रह करण्याची जी रीत माणसांत प्रेमाची मानली जाते, तिची सापाच्या जगात कसलीही किंमत नाही.

कधीकधी कारण निव्वळ कालमानाचे असते. कात टाकण्याची वेळ जवळ आली, की सापाच्या डोळ्यांवरील पारदर्शक खवला दुधाळ निळसर होतो आणि दृष्टी अंधुक होते. या आठ-दहा दिवसांत बहुतेक साप जेवत नाहीत, कात टाकल्यावर आपोआप जेवू लागतात. अंड्यातून निघालेले पिल्लूही पहिली कात टाकल्याशिवाय सहसा खात नाही. प्रौढ नर विणीच्या हंगामात महिनोन् महिने उपास करतात, आणि पेटीतले तापमान वर्षभर सारखे ठेवले तरी त्यांना हिवाळ्याची चाहूल लागतेच. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली मादी तर सुमारे दोन महिने जागची हलत नाही. या उपासांना उपचार नसतो आणि नकोही असतो.

मग राहते ते ताट. सापाला दृष्टीपेक्षा वासाचा आणि उष्णतेचा आधार मोठा. दुभंगलेली जीभ हवेतले गंधकण टिपून टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाकडे पोहोचवते. अजगरांच्या ओठांच्या कडेला उष्णता जाणणाऱ्या खाचा असतात. गोठवलेला उंदीर नुसता बाहेर ठेवून मऊ केला, तर तो सापाच्या या इंद्रियांना मातीच्या ढेकळासारखा भासतो. म्हणून तो रात्रभर शीतकपाटात वितळू देऊन, नंतर पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवतात आणि जिवंत उंदराच्या अंगाइतका, म्हणजे ३८ ते ४० अंशांपर्यंत, कोमट झाल्यावर लांब चिमट्याने देतात. मायक्रोवेव्ह भट्टीत तो बाहेरून शिजतो, आतून गोठलेलाच राहतो, क्वचित फुटतोही. भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी, त्याहून फार मोठी नाही. वेळ संध्याकाळनंतरची, खोलीत अंधार. साप बुजरा असेल, तर उंदीर दडणीच्या तोंडाशी ठेवून खोलीचे दार लावून घ्यावे आणि सकाळपर्यंत तिकडे फिरकू नये.

जातीजातीच्या आवडीही पाहाव्या लागतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, आग्नेय नायजेरियातील रॉयल पायथनवरील एका अभ्यासात लहान साप मुख्यतः पक्षी खातात आणि मोठे साप उंदरांसारखे सस्तन प्राणी, असे आढळले होते. घरातला एखादा सहा महिन्यांचा हट्टी अजगर उंदराऐवजी कोंबडीचे मेलेले पिल्लू एका झटक्यात का पकडतो, याचे उत्तर या निरीक्षणात दडलेले असू शकते. उत्तर अमेरिकेतला हॉगनोज साप रानात बेडकांवर जगतो. त्याला उंदीर खायला लावण्यासाठी उंदरावर बेडकाचा वास चोळतात. मक्याच्या शेतांशी नाव जोडले गेलेल्या कॉर्न स्नेकची पिल्ले सरड्याच्या वासाने फसतात. नागराज तर इतर सापच खाणारा. प्राणिसंग्रहालयांत त्याला उंदराची सवय लावताना रखवालदारांची कसोटी लागते. आफ्रिकेतला दासिपेल्टिस हा साप केवळ पक्ष्यांची अंडी खातो, त्याच्यापुढे उंदीर ठेवणारा वर्षभर वाट पाहत बसेल!

न खाणाऱ्या सापापुढे जिवंत उंदीर सोडण्याचा मोह अनेकांना होतो. शिकार हलताना दिसली, की तो पकडेल असा हिशेब असतो. कधी तो खरा ठरतो. पण रात्रभर पेटीत राहिलेला भुकेला उंदीर सापालाच कुरतडतो. पाठीचे मांस हाडापर्यंत खाल्लेले साप पशुवैद्यांकडे येतात, आणि बुजलेला साप प्रतिकारही करीत नाही. जिवंत भक्ष्य देण्याचा क्रूरपणा हा आणखी वेगळा प्रश्न आहे. बाजारातल्या काही वाणांचा दोष तर मुळातच असतो. ‘स्पायडर’ नावाने विकल्या जाणाऱ्या नक्षीदार बॉल पायथनमध्ये मज्जासंस्थेचा आनुवंशिक बिघाड असतो, डोके डुगडुगते, भक्ष्यावर घेतलेली झेप चुकते. नक्षीसाठी असे प्राणी पैदा करीत राहणे कितपत योग्य, याविषयी पाश्चात्त्य सर्पपालकांतच तीव्र मतभेद आहेत, आणि ते असायलाच हवेत.

एवढ्या सगळ्या शक्यतांतून वाट काढण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा आणि एक वही. कोणत्या तारखेला काय दिले, घेतले की नाकारले, कात कधी टाकली, वजन किती, एवढ्या चार नोंदी. डोळ्यांना साप ‘वाळलेला’ वाटू लागतो तो पुष्कळदा केवळ काळजीमुळे. दीड किलोचा अजगर तीन महिन्यांच्या उपासानंतर १,४५० ग्रॅम भरत असेल, तर त्याला एकटे सोडणे हाच उपचार. वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले, पाठीचा कणा उंचवट्यासारखा दिसू लागला, कातडीला सुरकुत्या पडून ती तशाच राहू लागल्या, तर मात्र वाट पाहण्याचा काळ संपला.

आजाराच्या खुणाही पाठ असाव्यात. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकपुड्यांतून बुडबुडे येणे, श्वासाबरोबर टकटक आवाज होणे, ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणे. हिरड्यांवर लाली आणि चिजासारखा पू दिसला, तर तो तोंडाचा दाह. अशा तोंडाने कोण खाईल? डोळ्यांच्या कडेला आणि पाण्याच्या भांड्यात मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके हालताना दिसले, तर ते रक्त शोषणारे माइट. शरीराच्या मध्यभागी सूज आणि वारंवार ओकणे यांमागे क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी असू शकतो, आणि त्यावर आजही खात्रीचे औषध नाही. मान आभाळाकडे वळवून स्तब्ध राहणे, उलटे पडल्यावर सरळ होता न येणे हे बोआ आणि अजगर यांच्या एका असाध्य आजाराचे लक्षण आहे. त्यामागचे विषाणू २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधून काढले. यांपैकी काहीही दिसले, की सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा लागतो, तोही वजनाची वही आणि विष्ठेचा ताजा नमुना घेऊन. घरातल्या इतर सापांपासून आजारी साप त्याच दिवशी वेगळा करावा.

सर्वांत वाईट शेवट होतो तो जबडा उघडून उंदीर आत कोंबण्याने. सापाची श्वासनलिका तोंडात अगदी पुढे उघडते, दात आत वळलेले आणि नाजूक असतात, अन्ननलिका पातळ असते. अननुभवी हातांत यांपैकी काहीतरी हमखास दुखावते. समजा, काहीच दुखावले नाही, तरी भेदरलेला साप ते भक्ष्य बहुधा ओकतो. ओकण्याबरोबर पोटातले आम्ल आणि अंगातले पाणीही जाते. दोन महिन्यांच्या उपासाने न झालेले नुकसान एका संध्याकाळी होते. खरोखरच गरज असेल, तेव्हा पशुवैद्य नळीवाटे पातळ अन्न देतात, आणि तेही शरीरातील पाण्याची तूट भरून काढल्यानंतर. दीर्घ उपासानंतर एकदम मोठे जेवण दिले, तर रक्तातील क्षारांचा तोल बिघडतो. दुष्काळातून वाचवलेल्या माणसांच्या बाबतीतही वैद्यकाला हा धोका परिचित आहे. म्हणून उपास सुटल्यावर पहिले भक्ष्य नेहमीच्या निम्मे द्यायचे, नंतर दोन दिवस सापाला हात लावायचा नाही, आणि ते ओकले गेले, तर दहा दिवस ते पंधरवडा काहीच द्यायचे नाही.

भारतात हा छंद कायद्याच्या चौकटीत पाहावा लागतो. नाग, घोणस, धामण, अजगर हे येथले साप घरात बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. त्यांचा उपास सोडवण्याचा प्रश्न कुणाही नागरिकापुढे यायलाच नको. बॉल पायथनसारख्या विदेशी जातींबाबत २०२२ च्या दुरुस्तीनंतर, २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची झाली आहे. तरीही चोरटी आयात थांबलेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले होते. असा प्रवास घडलेला साप विकत घेणाऱ्याने ‘हा जेवत का नाही’ असे विचारावे, यात विचारणाऱ्याचीच परीक्षा आहे. पुढे तो आजारी पडला, तर कागदपत्रांविना त्याला उजळ माथ्याने पशुवैद्याकडे नेता येत नाही, आणि उपचाराअभावी मरण सापाच्या वाट्याला येते.

महाराष्ट्राला परिचित असलेला उपाशी साप मात्र पेटीतला नाही, टोपलीतला आहे. नागपंचमीपूर्वी गारुडी नाग पकडून त्यांचे दात मोडीत, कधी तोंडही शिवीत आणि आठवडेच्या आठवडे त्यांना अन्नपाण्याविना ठेवीत. पंचमीच्या दिवशी वाटी पुढे आली, की तहानेने व्याकूळ झालेला नाग दूध ओढी आणि भाविकांना तो प्रसाद स्वीकारल्याचे समाधान मिळे. दूध हे सापाचे अन्न नव्हे. ते त्याला पचत नाही, श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरले, तर न्यूमोनिया होतो. कायद्याच्या धाकाने आणि सर्पमित्रांच्या प्रबोधनाने हा प्रकार पुष्कळ कमी झाला असला, तरी टोपली घेऊन फिरणारा कुणी आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते. तोंडात जखमा असलेला असा नाग सोडवून आणला, की त्याच्यापुढे लगेच उंदीर ठेवून उपयोग नसतो. तो खाऊच शकत नाही. आधी त्याला अंधारी, शांत जागा आणि पाणी द्यावे लागते. मग पशुवैद्य तोंड तपासतात, टाके असल्यास काढतात, जखमांवर औषध सुरू होते. अन्नाचा विचार त्यानंतर येतो. तोवर अनेक नागांच्या बाबतीत फार उशीर झालेला असतो.